अठरात एक

सोलापूर, एप्रिल १९७४

प्रिय शिवलीला,

मल्लूमामाचं पत्र म्हणजे कुणाची तरी टिंगल, असं समजून हसत उघडलं असशील. या खेपेला ती माझीच आहे.

परवा कॉलेजात शिकवत होतो. दहा हजारांत एक मूल जन्मतः बहिरं निघालं, तर त्याचं वर्गमूळ काढायचं. शंभरात एक. ही त्या जनुकाची वारंवारता. आईबाप दोघांकडून तो जनुक आला तरच मूल बहिरं. एकाकडूनच आला तर माणूस माझ्यासारखा, ऐकू येऊनही कुणाचं न ऐकणारा. मात्र या गणिताला एक अट असते: लग्नं नातं न बघता झालेली असावीत. एवढं बोललो आणि वर्ग हसला. निम्म्या पोरांचे वडील त्यांच्या आईचे सख्खे मामा.

घरी येऊन आपलं मांडलं. आमचे आई-आप्पाही मामा-भाचीच. धाकटा भाऊ गुंडा जन्मापासून बहिरा, म्हणजे दोघांतही तो जनुक असणार. मग तुझी आई आणि तुझा होणारा नवरा, आमचा भाऊ वीरभद्र, प्रत्येकात तो असण्याची शक्यता तिनात दोन. आईकडून तुझ्यात येण्याची त्याच्या निम्मी. दोघांत असला, तर मुलात दोन्हीकडून येण्याची चारात एक. सगळं गुणलं, की तुझं आणि वीरभद्रचं मूल गुंडासारखं होण्याची शक्यता अठरात एक. फळ्यावर दहा हजारांत, माजघरात अठरात.

तुझ्या आईला, अक्काला सांगितलं. म्हणाली, "लई शिकलास बाबा. सतरा चांगली होतील की. पत्रिका वाटून झाल्या, पोरीला काय बोलू नगंस." मी मान डोलावली. वीरभद्र म्हणाला, "शिवी म्हणंल तसं. पण तिला सांगणार कोण?" एरवी गावभर तोंड चालवणारा मी सायकल काढून बाहेर पडलो.

आत्ता गुंडा माझी सायकल पुसतोय. मी बघितलं की हसतो. ज्याच्यासारखं मूल नको म्हणून मी आकडे मांडतोय, त्यानंच मघाशी चहा आणून दिला. लाज वाटली, तरी प्यायलो.

अक्काला दिलेला शब्द मोडतोय. तू नाही म्हणावंस किंवा हो म्हणावंस, म्हणून हे लिहीत नाही. लग्न तुझं, आणि घरात हे तुला सोडून सगळ्यांना ठाऊक, एवढंच मला सोसवेना. नको म्हणालीस तर खुशाल माझ्यावर ढकल. हो म्हणालीस, आणि मूल तसं निघालंच, तर आपल्या घरात कुणी असं गणित मांडलं होतं हे त्याला कधी कळू देऊ नकोस.

तुझाच,
मल्लूमामा