सुनेसाठी चाकांचं कपाट

३ मार्च, मंगळवार

सूनबाई आज जेवता जेवता म्हणाली, “पप्पा, मी लग्न करतेय. तीस तारखेला, नोंदणी कचेरीत.”

मी ‘बरं’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार! लेकाला जाऊन तीन वर्षं झाली. ही पोर चौतिशीची. तिनं सगळा जन्म आम्हा दोघांत का काढावा, असं मीच मनात शंभरदा म्हटलं असेल. मनात म्हणायला काय जातं!

आमची ही, म्हणजे बायको, उठून आत गेली. ताट तसंच. महिनाभर ही सुनेशी बोलतच नाही. विचारलं की “काही नाही.” आता कळलं. हिला आधीच कुणकुण लागली असणार.

४ मार्च

कॅलेंडरवर तीस तारखेभोवती पेन्सिलनं गोल केला.

५ मार्च, गुरुवार

नवरा मुलगा कोण, तर तो चष्मेवाला. शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो. शाळेचे पंप, पंखे दुरुस्तीला आणायचा. पंखा घेऊन आला की तासभर हलायचा नाही. मला वाटायचं, पंख्याची काळजी!

दुपारी वर्कशॉपमध्ये गेलो. वर्कशॉप कसलं, घरामागचं शेड. लेकानं तिथं मोटारी-पंखे दुरुस्तीचा धंदा मांडला, लग्नानंतर सुनेलाही शिकवलं. आली तेव्हा पेचकस उलटा धरायची. वर्षभरात तो सगळ्यांना सांगत सुटला, “जळक्या मोटारीत तार भरावी तर आमच्या मिस्त्रीणबाईंनी!” तो गेल्यावर तिनं शेड बंद पडू दिलं नाही. घर त्यावर चाललं असं नाही, माझं पेन्शन आहे. पण घरात आवाज राहिला.

हत्यारं तीन पत्र्याच्या पेट्यांत, रंगाच्या बादल्यांत आणि एका फाटक्या सुटकेसमध्ये. दहा नंबरचा पाना हवा तर अर्धा तास खडखडाट.

“हे सगळं कशात नेणार?”

“नेणारच नाही. त्यांची हत्यारं आहेत, पप्पा. इथंच राहू देत.”

“मग तिकडे काय, दातांनी नट काढणार?”

हसली. मग म्हणाली, “त्यांनी तिकडे एक खोली रिकामी करून ठेवलीय.”

पहिलं ‘त्यांची’ माझ्या लेकाचं. दुसरं ‘त्यांनी’ चष्मेवाल्याचं. माझ्या बरोबर ध्यानात आलं.

कपाट करायचं. पाच खण, खाली चाकं. ठरलं.

८ मार्च, रविवार

प्लायवूड आणलं, अठरा मिलिमीटरचं. हिला म्हटलं, सुनेसाठी कपाट करतोय. हिनं वर पाहिलंसुद्धा नाही. “द्यायचं ते द्या. मला विचारू नका.”

संध्याकाळी पोळ्या केल्या त्या दोघांपुरत्याच. सून उभी राहिली, पाहिलं, स्वतःची कणीक मळायला घेतली. ही तिथून उठून गेली. मला इतकी लाज वाटली!

११ मार्च, बुधवार

चारी बाजू कापून झाल्या. गुण्या लावून बघितलं, काटकोन अगदी चोख. चौतीस वर्षं तंत्रशाळेत पोरांना सुतारकाम शिकवलंय, हात अजून ऐकतो. बुडाला प्लायवूडचे दोन थर दिले. चाकांवर सगळा भार येणार. जड सामान तळाच्या खणात, नाहीतर ओढताना कपाट तोंडावर पडायचं. पुढच्या दोन चाकांना ब्रेक.

सून चुका काढत उभी. “पप्पा, हा खण पान्यांना पुरणार नाही.” “पुरेल.” “नाही पुरणार.” शेवटी पाने रचून दाखवले. नाही पुरला! मिस्त्रीणबाई!

१४ मार्च, शनिवार

खण बसवले. दोघं मिळून हत्यारं पुसत होतो. ड्रिलची पेटी उलटी केली तर तळाला लेकाचं अक्षर, खडूनं नव्हे, चांगलं ऑइलपेंटनं — ‘हात लावू नये. विशेषतः पप्पांनी.’

दोघंही पोट धरून हसलो. किती दिवसांनी! ती आधी थांबली. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर रडलो असतो. मग रडलोच.

१७ मार्च, मंगळवार

शेडमध्ये ग्राइंडर बराच वेळ चालू होता. चाकाला काही लागल्याचा आवाज नाही, नुसताच फिरत होता. आत डोकावलो. पोर टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मशीन लावलेलं.

सकाळी तिनं हिला विचारलं होतं म्हणे, “आई, माझं काय चुकलं ते तरी सांगा.” ही म्हणाली, “माझ्या डोळ्यांसमोर नको येऊस.”

तसाच घरात गेलो. जन्मात हिच्यावर आवाज चढवला नव्हता, आज चढवला. “अगं, इतकी दगड कधी झालीस तू?”

“झाले,” म्हणाली. आणि भांडी घासत राहिली.

१८ मार्च

हिच्याशी बोलायचं नाही असं मीही ठरवलं.

२२ मार्च, रविवार

काय लिहू!

कपाट पुरं झालं. पॉलिश वाळलं, चाकं लोण्यासारखी फिरतात. सून टाळ्या वाजवत पुढं, मी ढकलतोय मागून — आणि शेडच्या दारात अडकलं. दार अडीच फूट. कपाट चौरस, कुठूनही मोजा, साडेएकतीस इंच.

दीड इंच! ज्या माणसानं पाव इंचासाठी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, त्यानं दाराचं मापच घेतलं नाही. विसरलो? का मला न्यायचंच नव्हतं ते बाहेर? खरं उत्तर मला ठाऊक आहे, म्हणून इथंही लिहीत नाही.

सून हळूच म्हणाली, “पप्पा, राहू दे इथंच. मीच रोज येत जाईन कामाला.”

मला आनंद झाला. देवाशप्पथ सांगतो, झाला!

तेवढ्यात मागून हिचा आवाज. “चौकट काढा.” हातात माझाच हातोडा. “भिंत पाडावी लागली तरी पाडा. हिचं काहीएक इथं राहायला नको.”

सून दारातून बाजूला झाली. मी चौकट काढली.

३० मार्च, सोमवार

सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मीही केली. ही आली नाही.

टेम्पो दारात आला. कपाट फळीवरून चढवलं, ब्रेक लावले. सून हिच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. “आई, येते.”

आतून एकच शब्द — “जा.”

कुणी असं म्हणतं? निघालेल्या माणसाला परकासुद्धा ‘ये’ म्हणतो!

२ एप्रिल

घरात आवाज नाही.

५ एप्रिल, रविवार

चष्मेवाला एकटाच आला, शेडच्या दाराला नवी चौकट बसवून द्यायला. काम आटोपल्यावर चष्मा पुसत बसला, उठेना. मग म्हणाला, “काका, काकूंनी मला शपथ घातलीय, पण आता राहवत नाही. जानेवारीत त्याच माझ्याकडे शाळेत आल्या होत्या. म्हणाल्या, माझी मुलगी तुम्हाला आवडते हे मला दिसतं, विचारा तिला. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही. आईपप्पांना टाकून येणार नाही म्हणे. काकूंना तसं सांगितलं. तर म्हणाल्या, ती माझ्या मायेपायी अडलीय. ती माया तोडायचं माझ्याकडे लागलं.”

“तिला हे माहीत आहे?”

“नाही. कळलं तर परत येईल, असं काकू म्हणतात.”

तो गेला. मी शेडचं दार लोटलं. मग घरात आलो. ही खिडकीशी पाठमोरी बसलेली. अठरा दिवसांत मी हिच्याशी शब्द बोललो नव्हतो.

“कोण आलं होतं?” हिनं विचारलं.

म्हटलं, “जावई.”