वहिनीचा पट्टा आणि माझं वाळूचं पोट

चिरंजीव ढमे,

मोठ्या भावाचे अनेक आशीर्वाद (मागितले नसलेस तरी). इकडे सगळे खुशाल. तुझ्या पायांची सूज आणि जावईबापूंचा स्वयंपाक आता कितपत सुधारलाय ते सविस्तर कळव. बाळाची वाढ जरा मागे आहे म्हणून डॉक्टरीणबाईंनी ठोके रोज बघायला दिलेला पट्टा तू ‘हा बैलाला बांधा’ म्हणून कपाटात टाकलास, हे ऐकल्यापासून आईला काळजीने झोप नाही.

ते तुझ्या वहिनीच्या कानावर गेलं आणि माझे ग्रह फिरले. तिच्या कंपनीत असलेच पट्टे बनतात, आणि ते आजवर एका प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर घालून बघत. पुतळ्याची कधीच तक्रार नव्हती. (“पुतळा कूस बदलत नाही, साहेब,” असं ती भर मीटिंगमध्ये म्हणाली. बाई धीराची आहे.) तिला कुरकुर करणारं माणूस हवं होतं, आणि त्या कामात माझा हात धरणारा आपल्या घराण्यात नाही. तेव्हा पोटाला वाळूची पिशवी, वर पट्टा, अशा थाटात मी आठवडाभर ऑफिसला गेलो. बसमध्ये एका आजोबांनी उठून मला जागा दिली (मी बसलो). बुटाची नाडी बांधताना बक्कल बरगडीत घुसलं, घामाने खाज सुटली, कुशीवर वळलो की वायर टोचली. मी बोंबललो की ती शांतपणे कात्री घ्यायची. बक्कल गेलं, वायरी मऊ कापडातच विणल्या गेल्या, सेन्सर शर्टाच्या बटणाएवढा झाला. मधे एकदा माझ्या उपाशी पोटातली गुरगुर पट्ट्याने ‘बाळाची हालचाल’ म्हणून तिच्या मोबाइलवर कळवली, तर तिने थेट माझ्या साहेबांना फोन करून मला जेवायला सोडवलं. (पट्ट्याला आता बाळ आणि भूक यांतला फरक कळतो. साहेब मात्र मला अजून जपून जिने उतरायला सांगतात.)

मग दवाखान्यातल्या गरोदर बायकांनी तो घालून पाहिला. एक जण तो अंगावर आहे हेच विसरून तशीच घरी गेली. ते कळलं तेव्हा तुझी वहिनी हसता हसता रडायला लागली. बायको आहे म्हणून सांगत नाही, पण इतकं जीव ओतून काम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंनीही तो तपासून होकार दिलाय. सोबत पाठवतोय.

तुझा,
दादा

ता. क. पोपटी रंग तिने मुद्दाम तुझ्यासाठी निवडलाय. नाही आवडला तरी घाल, वरून दिसत नाही.

ता. क. आणखी एक. आई मस्त घोरत असते. झोप मला लागत नाही. मोबाइलवर ठोके ऐकू आले की मला फोन लाव. तू काही बोलू नकोस, नुसते ते ऐकव.