सोललेलं संत्रं

गुरुजी, तुम्ही जाऊन लय वर्षं झाली आणि मी सातवीच्या पुढं शिकले नाही, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नका. मी अकोल्यात आहे. पोरगी डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास करते अन् मी तिच्याच होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, म्हणून आम्हा दोघींना एक खोली मिळाली. हे तिचं दुसरं वर्ष. अचलपूरच्या घराला कुलूप लावून, साऱ्या गल्लीला सांगून आलो. आता कोणत्या तोंडानं परत जायचं?

तुमची ती संत्री आठवतात. शेंदूरजन्याहून आणलेली दोन, अन् पाण्यानं भरलेली बादली. एकाची साल काढून तुम्ही विचारता, "हे बुडन का तरंगन? आधी बोला, मग पाहू." मी म्हणते तरंगेल, हलकं झालं ना. शेजारची म्हणते बुडेल. "भांडा दोघी," तुम्ही म्हणता. वेण्या ओढायच्याच बाकी राहतात. मग तुम्ही दोन्ही पाण्यात सोडलीत. सालीचं तरंगलं, सोललेलं तळाला गेलं. मी रडकुंडीला आले, तर बुडालेलं तुम्ही मलाच खायला दिलं. चुकणाऱ्यावर तुम्ही कधी चिडला नाहीत, गप्प बसणाऱ्यावर खेकसायचे. "तोंडच नाही उघडलं तर मले कसं समजन, तू कुठं अडली?"

इथं शेजारणीशी बोललं की वर्गाबाहेर काढतात. सर माइकवर सूत्रं सांगतात, पोरी उतरवून घेतात. माझी जेवतानाही पुटपुटते. समजलं काय म्हटलं, तर म्हणते, "समजायले टाइम नाही, आई."

परवा आम्ही दोघी बटाट्याची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये होतो अन् लाइन गेली. मधातच अडकलो. पोरगी एकदम रडायलाच लागली. "मले इथून काढ, आई." लिफ्टमधून का अकोल्यातून, ते मी विचारलं नाही. काही सुचेना, म्हणून तुमचंच काढलं. पिशवी तिच्या हातात दिली. "लाइन आली का लिफ्ट वर जाईन. निघताना पिशवी जड लागन का हलकी? आधी बोल, मग पाहू."

"त्याचं सूत्र हाय."

"सूत्र ठेव बाजूले. जड का हलकी?"

"प्लस का मायनस, आठवून नाही राहिलं."

"मी म्हणते हलकी. लिफ्टच उचलते ना."

"काहीही बोलतं तू! पिशवी एका जागी उभी हाय, तिले वर कोण पळवन? माहा हातच ना?"

जनरेटर लागलं, लिफ्ट हिसका देऊन निघाली अन् पिशवीनं तिचा हात खाली ओढला. "जड! आई, जड!" किती महिन्यांनी हसली. मी पुन्हा चुकले होते, गुरुजी. मग डोळे पुसत तिनंच मला धरलं. "आता तू सांग. यंदा माहा नंबर लागन का नाही? आधी बोल, मग पाहू."

दार उघडलं. मी पिशवी घेतली अन् मेसमध्ये निघून गेले. तुमच्या वर्गातली सगळ्यात तोंडाळ पोरगी गप्प बसली.

अंदाज आहे माझा. तिच्यासमोर तोंडातून निघत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. नाही लागणार. हा कागद तिच्या हाती पडायच्या आधी मेसच्या भट्टीत टाकते. माझे अंदाज कसे असतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे.