गुडघे जुळवून बस

प्रिय आई,

"पोरी, गुडघे जुळवून बस वं." खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये पाव्हणे आले की तू स्वयंपाकघरातूनच म्हणायचीस. मी कशी बसलेय, हे तुला न बघता कळायचं. माझ्या गुडघ्यांनी ते इतकं मनावर घेतलं की चाळिशी उलटली तरी विसरले नाहीत.

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना संपली, सगळे उठले आणि मी सतरंजीवरच राहिले. शोभाताईंनी काखेत हात घालून उठवलं. "काहून वं दामिनी, आईच्या आधी तूच म्हातारी झाली?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना ठरवलं, आता आपलं आपण उठायचं.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी गुडघे तपासले. झीज नाही, पायांत ताकद नाही म्हणाले. मग जरीपटक्याच्या जिममध्ये व्यायाम शिकवणाऱ्या रितिकाकडे गेले. तिनं स्क्वॉटचं नाव काढलं तर मला हसू आलं. उकिडवं बसून भांडी घासण्यात जन्म गेला, ही पोरगी मला काय बसायला शिकवणार! बसून दाखवलं, तर ओरडलीच. "थांबा ताई! टाचा वर, कंबर वाकडी, अन् गुडघे एकमेकांले काहून भेटून राहिले?"

आरशात पाहिलं. खरंच, ते एकमेकांना घट्ट चिकटले होते. बाजूला पुरुष वजनं उचलत होते. गुडघे बाहेर घ्यायचे म्हटलं की माझा हात आपोआप कुर्ता खाली ओढायचा. रितिकाला वाटलं, पाय दुखतात. दुखत काहीच नव्हतं गं, लाज वाटत होती.

तिनं मागे खुर्ची ठेवली. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, बोटं जराशी बाहेर. आधी बुड मागे न्यायचं, छाती वर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, टाचा जमिनीला चिकटलेल्या. खुर्चीला टेकायचं न टेकायचं की टाचेवर जोर देऊन वर यायचं, श्वास कोंडायचा नाही. दुखलं तर तिथंच थांबायचं. वजन मागितलं तर म्हणाली, "आधी सोतःचं तर उचला!" हळूहळू खुर्चीच्या जागी बुटका स्टूल आला, मग पाट. आणि एका सकाळी आरशात पाहिलं तर गुडघे ऐसपैस बाहेर, अन् दोन्ही हात मोकळे. कुर्त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती!

काल पौर्णिमेला तू पाहिलंसच. वंदना संपली, शोभाताईंनी सवयीनं हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला. मी उभी होते. "बाई वं, स्प्रिंगा बसवल्या का?" त्या म्हणाल्या. साऱ्या विहाराला ऐकू जाईल असं हसले मी.

तू ते दारातून पाहिलंस. किती वर्षं झाली, तू आत बसत नाहीस. चपला राखते म्हणतेस. आई, आपल्या विहारातून आजवर एकही चप्पल चोरीला गेलेली नाही. खुर्ची दिली तर तुला कमीपणा वाटतो आणि खाली बसलीस तर उठवणार कोण, हे तू कोणाला विचारणार नाहीस. हे फोनवर बोलले असते तर तू दूध उतू जातंय म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहिलं. रविवारी येते. आधी तुझे गुडघे डॉक्टरांना दाखवू, ते हो म्हणाले तरच पुढचं. मग तुझी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवू, मी समोर उभी राहीन. "या वयात हे काय थेर," असं म्हणून तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे मला. तरी एकदा, माझ्यासाठी, गुडघे मोकळे सोडून बस.

तुझ्याच गुडघ्यांची,
दामिनी