मराठी सात

आईला धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर मिळतं. गुडघ्यांना तेल लावतेस ना?

आम्ही शिलाईवाल्यांनी गेल्या आठवड्यात आपला प्रतिनिधी निवडला. मतदान गुप्त होतं, चिठ्ठीवर फक्त उमेदवाराचा नंबर लिहायचा. मालकाला नको असलेली सात नंबरची बाई निवडून आली. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली नाही. तिच्या चपला हॉस्टेलच्या खोलीतच आहेत.

आज सुपरवायझर एक चिठ्ठी घेऊन प्रत्येक मशीनपाशी विचारत होता, "हा आकडा कुणाचा?" तू गिरवून घेतलेला मराठी सात गं. मत लिहिताना हात आपोआप तसाच वळला. मराठी लिहिणारी इथे मी एकटीच.

काळजी करू नकोस. फक्त पाकिटावर माझा खोली नंबर सतरा यापुढे इंग्रजीत लिही. मागच्या वेळी तू मराठीत लिहिलास, आणि ते पाकीट मला सुपरवायझरनेच आणून दिलं होतं.

तुझीच,
धाकटी