ताईच्या यादीचं पान

३ तारीख
नोकरी लागली एकदाची. लहान मुलांच्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान. खुर्ची खिडकीजवळची, चहाही बरा. साहेबांना सगळे 'मास्तर' म्हणतात, कारण ते चुका लाल शाईनेच दाखवतात. पहिलं काम सोपं. सर्व्हर एकदा बनवलेल्या पानाची प्रत ठेवतो आणि सगळ्यांना तीच वाढतो. बाकी पानांना ते चालतं, पण 'आवडीची यादी' ज्याची त्याची वेगळी. परवा एका आजोबांना भलत्याचीच यादी दिसली म्हणे. या पानाची प्रत ठेवू नकोस, असा अपवाद सर्व्हरला लिहून द्यायचाय. हातचा मळ.

५ तारीख
चाचणी करताना ताईचीच यादी समोर आली. ताई बाळंतपणात गेली, पोरगीही गेली. भावजींनी तिचं इथलं खातं केव्हाच बंद केलंय. सर्व्हरने मात्र जुनी प्रत जपलेली. दुपटं, टोपडं, पायमोजे. मला जेवण गेलं नाही. अपवाद उद्यावर ढकलला.

६ तारीख
यादीत पांगुळगाडा आलाय. काल नव्हता. ठेवलेली प्रत वाढत नसते, हे शेंबडं पोरही सांगेल. मास्तर म्हणाले, डोळे तपासून घे, आणि अपवादाचं काय झालं?

९ तारीख
आधी बूट, मग रंगपेटी, आज दप्तर. माझी भाची कुठेतरी मोठी होतेय. अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला लिहू, आनंदही झाला. भावजींना फोन केला. ते म्हणाले, पुन्हा असलं काही सांगू नकोस.

१० तारीख
गिऱ्हाइकांना आता स्वतःच्या यादीऐवजी ताईची यादी दिसतेय. तक्रारींची रीघ लागली. मास्तरांनी बजावलं, आज अपवाद, नाहीतर उद्यापासून घरी बस. लिहिला. आता प्रत नाही, पान दरवेळी नव्याने बनणार, उघडं ठेवलं तरी आपोआप ताजं होणार.
भीत भीत उघडलं. यादी होती. जीव भांड्यात पडला.
दप्तर नव्हतं.

११ तारीख
पान ताजं झालं की एक वस्तू कमी. रंगपेटी गेली. बूट गेले. पोरगी परत लहान होतेय — मी अपवाद काढला, पण जुनी प्रत पुसली गेलीय, आणि सर्व्हर नवी ठेवतच नाहीये —

१२ तारीख
पांगुळगाडा. पायमोजे. टोपडंही —
नुसतं दुपटं राहिलंय. कशालाच हात लावत नाही. ताई, मला माहीत नव्हतं गं — पान पुन्हा ताजं व्हायला लाग