अबोलीच्या गिटारीतली घूं

वाई,
तुळशीचं लग्न आटोपल्यावर

श्री. लालासाहेब यांस वाईहून तात्याचा सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? (डावा विचारतोय. उजव्याबद्दल तुम्ही फोनवर इतकं सांगितलंत की तो मला आता घरचाच वाटतो.) फोन सोडून पत्र कशाला, असं सांगलीत वहिनी विचारतील. आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, आणि विषय जरा नाजूक आहे.

नातीची, म्हणजे अबोलीची, इलेक्ट्रिक गिटार तुम्ही पाहिली आहे. ती वाजवायला लागली की सुरांच्या खालून सारखी एक घूं यायची. सून म्हणायची, चालायचंच. पण आपण दोघांनी कोयनानगरच्या वीजघरात उभी हयात काढली, आणि माझ्याच घरात वीज अशी मोकाट घुमावी, हे मला सहन होईना. घरात अर्थिंग धड असलेली खोली एकच, ती माझी. (अंगणात स्वतः खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून मी तांब्याची प्लेट पुरली आहे. उन्हाळ्यात तुळशीआधी तिला पाणी घालतो, यावरून घरात बोलणीही खातो.) तेव्हा मी अबोलीला म्हटलं, माझ्या खोलीत गिटारीच्या स्पीकरचा प्लग लाव, घूं कमी होईल. तिने लावून पाहिला आणि हो, खूपच कमी झाली म्हणाली. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन वाजवायची आणि मी कपाळाला आठ्या घालून पेपर वाचत बसायचो. पेपर अर्थात सकाळीच वाचून झालेला असायचा.

पण अर्धवट दुरुस्ती मला झोपू देत नाही, तुम्ही जाणताच. चौकशी केल्यावर कळलं की दोष पिकपचा. तारांखाली जी डबी असते, लोहचुंबकाभोवती तार गुंडाळलेली, ती पिकप. अबोलीच्या डबीत गुंडाळी एकच, त्यामुळे ती तारांबरोबर पंख्याची, ट्यूबलाइटची घूंही उचलायची. हमबकर नावाच्या पिकपात दोन गुंडाळ्या, एकमेकींना उलट, म्हणजे एकीची घूं दुसरी मारते. इतकी सरळ गोष्ट. पण बाईसाहेबांना हवा होता व्हिंटेज हमबकर. म्हणजे काय, तर पूर्वीच्या कामगारांच्या हातून एकीकडे वेढे कमी आणि दुसरीकडे जास्त पडायचे, चुंबकही जरा दमलेला असायचा, तर तो तसाच हवा. आज यंत्र वेढे मोजून देतं, तरी हे लोक मुद्दाम चुकतात, आणि वरचं कोरं झाकण घासून कळकट करतात. लालासाहेब, आपण असा ट्रान्सफॉर्मर पास केला असता तर साहेबांनी आपल्याला भर पावसात धरणावर उभं केलं असतं. मी दोन्ही गुंडाळ्या सारख्या असलेलाच घ्यायचा म्हणून अडून बसलो. अबोलीचं म्हणणं, सारख्या असल्या की आवाज इस्त्री केल्यासारखा येतो. जेवताना कितीतरी दिवस आमटीपेक्षा हाच विषय जास्त वाढला गेला. शेवटी मीच हरलो. (हरलो, पण मीटर लावून हरलो. एक गुंडाळी खरंच कमी भरली. कंपनीने चूक प्रामाणिकपणे केली होती.)

पिकप आला तो आधीच्यापेक्षा दुप्पट रुंद. गिटारीची खाच वाढवायला नाथाजी सुताराला बोलावलं. त्याचा हात दारं-खिडक्यांवर बसलेला. त्याने गिटार पाटावर उताणी ठेवली, सगळीकडून न्याहाळली आणि विचारलं, "आवं तात्या, बिजागरी कुनीकडनं मारायची?" खाच अशी झाली की पिकप बसवून शेजारी माझा चष्मा मावतो. (दुसऱ्या दिवशी तो तिथेच सापडला, म्हणून ठाऊक.) वरून पत्र्याची पट्टी मारून सगळं झाकलं. जोडणी माझी. प्लग लावला आणि घूं गेली. मी इतका खूश झालो की त्या भरात म्हणालो, "आता घरात कुठंही बसून वाजव. माझ्या खोलीची गरज संपली."

त्याच संध्याकाळी ती माडीवर गेली आणि कानाला हेडफोन लावून वाजवू लागली. आता माझ्या वाट्याला वरून फक्त पायाचा ठेका येतो. पेपर दुसऱ्यांदा वाचायचा तरी किती? मला करमत नाही, लालासाहेब. उगाच हुशारी केली.

कळावे. लोभ आहेच, त्यातला थोडा डाव्या गुडघ्यालाही द्यावा.

तुमचा,
तात्या

ता. क. जुना पिकप मी तुमच्या नातवाला, वीरधवलला, त्याच्या गिटारीसाठी दिला होता. त्याने तो बसवला नसेल तर परत पाठवा, बसवला असेल तर काढायला लावा. खाच मोठी झाली आहे, पण फळीचा तुकडा ठोकता येईल. व्हिंटेज मालात दोष सापडला असं अबोलीला सांगेन. वीजघरातल्या माणसावर तिचा विश्वास आहे.

ता. क. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतोय. दुसऱ्याचं पत्र ती वाचत नाही, आमच्या घराचं वळणच तसं आहे.

ता. क. (अक्षर वेगळं आहे, मी अबोली.) लालाआजोबा, पिकप पाठवू नका. गरज संपली म्हणाले, म्हणून मी वर गेले. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. आज संध्याकाळी खाली जाते. आणि घूं त्यांच्या खोलीतही तेवढीच यायची. अर्थिंगने तिला काही फरक पडत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तेवढं त्यांना सांगू नका.